झोपलेलं एन्झाइम

"माझ्या प्रयोगात कुणीतरी काहीतरी मिसळतंय," सर म्हणाले. "कोण ते मला माहीत आहे. मला फक्त पुरावा हवाय."

गुप्तहेर आक्का आणि तिच्या बहिणीचा नवरा, म्हणजे भावोजी, प्रयोगशाळेत नुकतेच टेकले होते. सरांनी दिलेला पाण्याचा ग्लास भावोजींच्या हातून सटकला आणि त्यांची विजार भिजली.

"लहान आहात का, भावोजी?" आक्काने ग्लास उचलला आणि नकळत हुंगला. गुलाबाचा वास होता.

समोर कोमट द्रावणाच्या नळ्यांमध्ये डुकराच्या मूत्राशयाच्या बारीक पट्ट्या लटकत होत्या.

"पट्टी ताणली की ती प्रोस्टाग्लँडिन बनवते. संप्रेरकासारखा स्निग्ध पदार्थ," सर म्हणाले. "तो कशाने वाढतो, कशाने घटतो, यात माझी उभी हयात गेली. महिनाभर पट्ट्या मुक्या आहेत, काहीच बनवत नाहीत. द्रावण माझी विद्यार्थिनी करते. आज तिला घरी पाठवणार."

विद्यार्थिनी आतल्या खोलीत पुस्तकं खोक्यात भरत होती.

"सर मला लेक म्हणायचे," ती आत आलेल्या आक्काला आणि भावोजींना म्हणाली. "आता वर बघतसुद्धा नाहीत."

"पट्ट्या कोण लावतं?"

"सरच. हातमोजे घातले की त्यांना पट्टी जाणवत नाही. ते बैठकीला गेले तेव्हा एकदाच मी लावल्या, मोजे घालून. भरपूर प्रोस्टाग्लँडिन निघालं! तर म्हणाले, बिघडवणारीलाच सुधारता येतं."

"कच्चा माल कमी पडत असेल," भावोजींनी अक्कल चालवली.

"तो वरून घालून पाहिला. तरी शून्य. त्यातून प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइमच झोपलंय."

तेवढ्यात सरांची बायको डबा घेऊन आली.

"रोज येता, काकू?" आक्काने विचारलं.

"हो. जेवण आणते. आणि सकाळी निघताना व जेवणानंतर यांच्या बोटांना गुलाबाचं क्रीम चोळते. बोटं दुखून यांना चमचा धरवत नव्हता हो. औषध म्हटलं की अंगावर येतात. हल्ली मात्र महिनाभर दुखणं नाही." एवढं बोलून काकू उगाचच डब्याचं झाकण पुसू लागल्या.

आक्काने सगळ्यांना बसवलं.

"द्रावणात खोट असती, तर हिने लावलेल्या पट्ट्याही मुक्या राहिल्या असत्या. द्रावण तेच, पट्ट्या तशाच. बदलले ते फक्त हात. हिचे मोज्यातले, सरांचे उघडे. आणि त्यांच्या हातचा ग्लास भावोजींना धरवला नाही, इतका तो बुळबुळीत होता."

"तरी मी म्हणतोय!" भावोजी म्हणाले.

"पण नुसत्या क्रीमने बोटं दुखायची थांबत नाहीत. काकू, त्यात काय मिसळलंत?"

काकूंचा आवाज खोल गेला. "केमिस्टकडचं दुखण्यावरचं मलम."

सर ताडकन उठले. "अगं, दुखणं वाढवतं तेही प्रोस्टाग्लँडिनच! मलम त्याचं एन्झाइम अडवतं. माझ्या बोटांत अडवलं, आणि बोटांवरून पट्टीत उतरून तिथंही!"

"सांगितलं असतं तर लावू दिलं असतंत?" काकूंचे डोळे भरले. "उशीत तोंड खुपसून कण्हत होतात. मला बघवेना."

सरांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग आत गेले आणि खोक्यातली पुस्तकं स्वतः फळीवर लावू लागले.

"चुकलो, लेकी," ते पाठमोरेच म्हणाले. "आजपासून पट्ट्या तू लावायच्या. मी शेजारी बसून कटकट करीन."

तिने डोळे पुसले. "म्हणजे नेहमीसारखंच, सर."