बारशाची खुंटी

मेंदूची चित्रं वाचायला शिकणं आता वर्षानुवर्षांचं काम राहिलं नव्हतं. अकरा दिवसांत होत होतं. प्रत्येक तालुक्याला एक बिंबवाचक, म्हणजे स्कॅन पाहून पक्षाघात नेमका कुठे झालाय ते सांगणारा माणूस, असा नियमच झाला होता. यंत्र आपला अंदाज द्यायचं, पण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन माणसाच्या होकाराशिवाय देता येत नसे. शहाद्याच्या केंद्रात ही जागा वृंदाला मिळाली, तेव्हा तिची ओवी दहा महिन्यांची होती.

"अकरा दिवसांत एवढं सगळं डोक्यात राहील, मॅडम?" पहिल्याच दिवशी तिने विचारलं.

"नुसतं राहणार नाही. टांगावं लागतं," शिकवणाऱ्या डॉ. गावित म्हणाल्या. "मनात घट्ट बसलेली आठवण भिंतीतल्या खुंटीसारखी असते. आपण ती आठवण काढली की काही मिनिटं ती मऊ पडते आणि मग पुन्हा आवळते. हे डोक्यावरचं टोपडं तो मऊ वेळ लांबवतं. तेवढ्यात आपण तिच्यावर धमन्या अडकवायच्या. याला खुंटीपाठ म्हणतात."

"आणि खुंटीचं काय होतं?"

"झिजते. म्हणून जिच्यावाचून अडणार नाही, अशीच आठवण आणा."

वृंदाने कॉलेजची तोरणमाळची सहल आणली. दोन दिवस धमन्या त्या घाटात टांगल्या, पण परीक्षेला हाताचा पक्षाघात तिने पायाचा सांगितला. रात्री तीनदा उठून बाळाचा श्वास बघणारी बाई ती. आपल्या एका चुकीने कुणाचं तरी माणूस कायमचं लुळं पडेल, हे तिला सोसणारं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिने आपली सगळ्यांत घट्ट आठवण आणली: ओवीचं बारसं.

डॉ. गावितांनी एकदाच विचारलं, "नक्की?"

"नक्की. दुसरं काही टिकतच नाही माझ्यात."

आणि सगळं कसं चपखल बसलं! पाळण्याच्या पायथ्याशी मावशी बसली होती, ती पुढची धमनी. ती तुंबली की पाय जातो. मागे निरांजन घेऊन जाऊबाई उभ्या होत्या, ती मागची. तिच्यावर नजर अवलंबून. आणि डाव्या बाजूला वाकून कानात नाव सांगणारी आत्या, म्हणजे नणंद रेवती, ती डावी मधली धमनी. ती बंद पडली की उजवा हात लुळा पडतो, चेहरा वाकडा होतो, वाचा जाते. अकराव्या दिवशी वृंदाची एकही चूक झाली नाही.

बाराव्या दिवशी पपईची गाडी भरता भरता कोसळलेल्या एका माणसाला आणलं. बोलता येत नव्हतं, उजवा हात लोंबत होता. यंत्र म्हणालं, 'निदान अनिश्चित'. वृंदाने डोळे मिटले. पाळणा हलला. आत्याच्या हातातली बांगडी कानाशी पांढरी चमकली. डोळे उघडून तिने स्कॅनमध्ये तीच जागा पाहिली, तर तिथे दोऱ्याएवढी एक पांढरी रेघ.

"डावी मधली धमनी. गुठळी ताजी आहे. द्या इंजेक्शन."

तासाभराने त्या माणसाने बोटं हलवली आणि विचारलं, "गाडी भरली का?" अख्खा वॉर्ड हसला.

ओवीच्या पहिल्या वाढदिवसाला रेवती आली. "वहिनी, बारशाला सगळ्याजणींनी मला धपाटे घातले, पण सगळ्यांत जोरात तुझाच! पाठ अजून दुखतेय. भरपाई म्हणून दोन पुरणपोळ्या जास्त वाढ."

वृंदा हसली आणि आठवू लागली. मावशी, निरांजन, बांगडी, सगळं लख्ख होतं. मग तिने पाळण्यात डोकावलं. आत काहीतरी करडं, वळ्यावळ्यांचं, सोललेल्या अक्रोडासारखं पडलं होतं. ओवी नव्हती.

सोमवारी डॉ. गावितांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. "खुंटी मोकळी करता येते, वृंदा. पण टांगलेलं सगळं खाली पडेल. बाळ परत दिसेल की नाही, ते मला सांगता येणार नाही."

वृंदाला तो पपईवाला आठवला. परवा तो बायकोला घेऊन आला होता, उजव्या हाताने नमस्कार करायला.

"नको," ती शांतपणे म्हणाली. "बारशाचे फोटो आहेत घरी."

"मग पुढचा पाठ सुरू करू. मेंदूचा देठ. तिथली चूक श्वासावर बेतते. नवी खुंटी लागेल, पहिलीइतकीच घट्ट."

संध्याकाळी ती घरी पोचली, तेव्हा ओवी दाराची चौकट धरून उभी होती. आईला पाहताच तिने हात सोडला. एक पाऊल. दुसरं. तिसऱ्याला तोल गेला आणि "आई!" म्हणत ती वृंदाच्या कुशीत येऊन पडली. तो पहिलाच शब्द. वृंदाचे डोळे भरून आले. लेकीच्या केसांना घामाचा आणि दुधाचा वास येत होता.

ही आठवण पहिलीइतकीच घट्ट आहे, तिच्या मनात आलं. ही टिकेल.