बेल पोचला नाही

"बटण दाबलं का बोलायचं, सोडलं का ऐकायचं. दोन्ही एकदम नाही होत. अन् बोलणं सरलं का 'ओव्हर' म्हणजो."

राज्य नवं, धरण नवं. चौकीत वॉकीटॉकीचे दोन संच आले, तेव्हा ह्यांनी मला हे शिकवलं. हे पाटबंधारे खात्याच्या बोटीवर होते. एक संच बोटीत, दुसरा चौकी सांभाळणाऱ्या दयारामभावजींच्या टेबलावर. आमचं क्वार्टर चौकीला लागूनच.

जुनं गाव पाण्याखाली गेलं, महादेवाचं देऊळही. पिंडी काही हलेना, म्हणून लोकांनी घंटा तेवढी सोडवून नव्या गावठाणातल्या शाळेला टांगली. माझं व्रत मात्र जुन्याच पिंडीचं. तिला बेल वाहिल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही. मग हे रोज बेल न्यायचे, देवळाच्या जागी पाण्यात सोडायचे, आणि दुपारी चौकीतला संच बोलायचा, "बेल पोचला. जेव आता. ओव्हर."

"वयनी, सरकारी बॅटरीवर जेवण चालू हाये तुमचं," भावजी चिडवायचे.

एकदा ह्यांनी विचारलं, "एखाद्या दिवशी मी नाही नेला, त?"

"त मी नेईन," मी म्हटलं. शब्दच दिला.

भाद्रपदातल्या त्या रविवारी वारा होता. संच बोलला, "पोचलो..." आणि ह्यांनी बटण सोडलंच नाही. पलीकडचं बटण दाबलेलं असलं की आपलं बोलणं तिकडे जात नाही. आम्ही दोघं नुसतं ऐकत राहिलो. बोटीवर आपटणारं पाणी. मग घंटा, अगदी जवळून.

"शाळेची असन," भावजी म्हणाले. शाळा रविवारी बंद असते.

बोट रिकामी सापडली. हे नाहीत, संच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकीतला संच खरखरला. "बेल पोचला नाही. ओव्हर." आवाज ह्यांचाच, जरा सर्दी झाल्यासारखा.

मी बटण दाबलं. "अहो, कुठं हा तुमी?" सोडलं.

"बेल पोचला नाही. ओव्हर."

भावजी स्वतः बोट काढून बेल घेऊन गेले. परत आले ते ओल्या हातांनीच. "सोडला, वयनी. तिथीच सोडला. आता दोन घास खा."

"पोचला नाही. ओव्हर."

भावजींनी संचाचं मागचं झाकण उघडून मला दाखवलं. बॅटरी त्यांनी सकाळीच काढून ठेवली होती.

"अर्जुनराव," ते संचाकडे पाहत ह्यांना हळू आवाजात म्हणाले, "काऊन असं करून राह्यले, भाऊ?"

चौकीत ते पुन्हा बसले नाहीत. संच माझ्याकडे देऊन गेले.

चिखलीहून नणंद आली, झुंबरबाई. मी नुसतं पाणी पिऊन राहत होते. तिनं ताट वाढलं, भाकरी कुस्करून दिली.

"जेव वं बाई. तो का आता पाहून राह्यला?"

मी घास उचलला. भिंतीतल्या देवळीत ठेवलेला संच बोलला.

"मीबी जेवलो नाही. ओव्हर."

झुंबरबाईनं ताट उचललं आणि आत नेऊन झाकून ठेवलं.

आज पहाटे अंघोळ केली. कोवळं बेलपान खुडलं, पदराच्या गाठीत बांधलं. संच घेऊन काठावर आले. बोट खुंट्याला होती. वारा नव्हता. निघाले म्हणून कळवावं, असं मनात आलं.

बटणाला बोट लागायच्या आधीच संच बोलला.

माझ्याच आवाजात.

"बेल पोचला. जेवा आता. ओव्हर."

त्या आवाजामागं घंटा वाजत होती.

मी बोटीची दोरी सोडली.