खडकावरचं वाळवण

माझं कुणी खरं धरलं नाही. दिनकरराव म्हणाले, बाईनं धसका घेतलाय. पेडगावात आले तर बाया म्हणाल्या, धुरपदाबाई मुंबईहून बरळतच आली. बरळू द्या. दैवशाला, ही तुझ्या आईची गोष्ट आहे. कंदील बारीक कर अन् ऐक. बाकीच्या पोरींनी मधी बोलायचं नाही.

आपला मुलूख मुंबई राज्यात गेला, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यातलं हे. सोनपेठच्या दिनकररावांच्या मंडळी, पार्वतीबाई, लय आजारातून उठल्या होत्या. डॉक्टरनं समुद्राची हवा सांगितली. मग मुंबईला समुद्राच्या अगदी तोंडावर महिन्यासाठी ब्लॉक घेतला, सामानासकट. तिसरा मजला, लिफ्ट, आरशासारखी फरशी. गादी अशी, की बसलं तर माणूस निम्मं आत जाई. स्वयंपाकाला मी अन् धुण्याभांड्याला तुझी आई, बायनाबाई.

वैशाखातली अमावस्या होती. पार्वतीबाईंना कुरडया हव्या होत्या, पण गॅलरीच्या पांढऱ्या फरशीला डाग पडायला नको. उजाडताना खाली पाहिलं तर पाणी लांब गेलेलं. काळे खडक उघडे, सपाट, उन्हाळ्यातल्या आपल्या गंगेच्या, गोदावरीच्या, पात्रासारखे. रात्रभर जागून शिजवलेला चीक खाली नेला. जुनं लुगडं अंथरलं, साच्यातून कुरडया घातल्या. मालक बाईंना घेऊन मोटारीनं देवदर्शनाला गेले. कावळे हाकायला बायना थांबली.

"धुरपदे, हे पानी माघारी आलं म्हंजी?"

मी हसले. "येडे, गंगा उतरली की मिरगापतूर वर येती व्हय? पदर घे तोंडावर अन् पड जरा."

"तू लोळ गादीवर. मला ठिव कावळ्याला!" तीबी हसली.

मी खरंच लोळले. पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगावर, पंखा लावून.

बाराला मालक आले तवा उठले. गॅलरीत गेले. खडक नव्हते. खाली भिंतीवर पाणी आदळत होतं.

संध्याकाळी पाणी उतरलं, तवा बायना सापडली.

फाटकावर राखणीला आपल्या पिंगळीचा आश्रुबा होता. दिनकरराव त्याच्यावर तुटून पडले. "भरती येते हे सांगायला तुझी जीभ झडली होती का?"

"साहेब, मी मागल्या दाराला होतो. मला दिसल्याच न्हाईत."

त्याची नोकरी त्याच दिवशी गेली. लेकरंबाळं घेऊन निघाला. मी तिथंच उभी होते, पदर तोंडात कोंबून.

त्या रात्री साडेबारा झाले असतील. मी स्वयंपाकघरात, चटईवर. सगळे निजलेले. समुद्र पुन्हा भिंतीपर्यंत आला होता. आवाज येत होता.

मग आवाज थांबला.

"धुरपदे..."

गॅलरीतून. तिसरा मजला. बाहेर उभं राहायला काही नाही.

"धुरपदे... ये गं..."

मी हलले नाही. दाराची कडी वाजली नाही. पण पावलं आत आली. ओली. चप्... चप्... माझ्या उशापाशी थांबली.

मी डोळे मिटले.

पावलं पुढं गेली. पाहुण्यांच्या खोलीत. पलंग करकरला.

मग काहीच नाही...

सकाळी पाहिलं. फरशी कोरडी. चादर कोरडी. मी जिथं लोळले होते, तिथं गादीला खळगा. खळग्यात एक कुरडई. ओली. चाखली तर खारट.

हा डबा बघ. दोन उन्हाळे उन्हात ठेवलीय ती कुरडई. वाळत नाही. हात लाव... घाबरू नकोस, आई आहे तुझी.

आता, आजवर सांगितलं नाही ते सांगते. रात्रीची ती हाक मी लगेच ओळखली, कारण दिवसा ऐकली होती. तशीच. दहाच्या सुमाराला, पंख्याखाली. वाटलं, तहान लागली असेल, नेईन पाणी जरा वेळानं. गादी लय मऊ होती. मी कूस बदलली.

तिनं तीनदा हाक मारली, दैवशाला. मी मोजल्यात.

तू रोज सकाळी आश्रुबाच्या नावानं बोटं मोडतीस. त्याला सोड. उद्यापासून नाव घ्यायचं ते हे:

धुरपदाबाई.