न उडालेला बार

पटवून देण्यासाठी मी हे सांगत नाहीये. पटलं नाही तर सोडून द्या. पण डॉयल माझा सख्खा भाऊ आहे. अजून जिवंत आहे. आणि शेवटी जे झालं, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय.

मागच्या जानेवारीत बर्फाचं मोठं वादळ झालं, त्या संध्याकाळची गोष्ट. जागा म्हणजे मिझुरी राज्यातल्या ओझार्कच्या डोंगरात, पिनी फोर्क ओढ्याच्या वरचं डॉयलचं घर. मी त्याच रस्त्याला, खालच्या वळणावर राहते.

आधी त्या रिव्हॉल्व्हरचं सांगते.

पानगळीच्या दिवसांत डॉयलच्या घरात भरदुपारी दोन चोर शिरले. डॉयल लाकडाच्या गिरणीत कामाला गेलेला. माझी वहिनी वाँडा घरी एकटीच. त्यांनी तिला खुर्चीला बांधलं आणि घर धुऊन नेलं. तेव्हापासून बाहेर पान वाजलं तरी ती दचकायची.

डॉयल म्हणाला, "आता घरात हत्यार पाहिजे."

पण तरुणपणी त्यानं एक ट्रक पळवला होता, त्यापायी तुरुंगात जाऊन आला होता. कायद्यानं त्याला साधी बंदूक ठेवता येत नाही. ठासणीची, जुन्या पद्धतीची चालते, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. म्हणून त्यानं ठासणीचं रिव्हॉल्व्हर आणलं. चक्रीच्या प्रत्येक घरात काळी दारू ओतायची, वरून शिशाची गोळी दाबून बसवायची, मागे तांब्याची इवलीशी टोपी चढवायची. घोडा टोपीवर आपटला की बार.

दारू दमट झाली किंवा टोपी सैल बसली, तर नुसताच आवाज.

हर्शेलला त्या रिव्हॉल्व्हरचं भारी हसू यायचं.

हर्शेल म्हणजे डॉयलचा जिवलग मित्र. गळ्याच्या कॅन्सरनं त्याचा आवाज गेला होता. गळ्याला एक छोटं यंत्र टेकवून बोलायचा. माशी गुणगुणावी तसा आवाज यायचा. पण थट्टा काही सुटली नव्हती.

"चोर आला ना डॉयल, तर त्याला म्हणावं, बस बाबा, कॉफी घे, मी तेवढी दारू ठासून येतो!"

"गप रे भुंग्या," डॉयल म्हणायचा. "भरूनच ठेवलंय. पहिली गोळी तुलाच घालीन."

आम्ही सगळे हसायचो. हर्शेलची बायको इमोजीन तर डोळे पुसेपर्यंत हसायची.

वादळ दुपारीच सुरू झालं. आधी पाऊस, मग पडता पडता त्याचाच बर्फ. झाडांच्या फांद्या काचेसारख्या झाल्या आणि कडाकड मोडायला लागल्या. वीज गेली. अंधारून आलं.

डॉयल आणि वाँडा शेगडीपाशी बसले होते.

आणि दारावर थाप पडली...

"कोण?" डॉयलनं विचारलं.

उत्तर नाही.

पुन्हा थाप. उघड्या पंजाची. जड.

"कोण आहे? बोला, नाहीतर गोळी घालीन!"

काहीच नाही. फक्त दारावर काहीतरी घासल्याचा आवाज... जणू कोणी अंग टेकवून उभं होतं.

वाँडा रडायला लागली. "उघडू नकोस... तेच आलेत... डॉयल, तेच आहेत ते..."

डॉयलनं रिव्हॉल्व्हर उचललं. दारावर, माणसाच्या छातीच्या उंचीवर धरलं. घोडा ओढला.

आणि चाप दाबला.

खट्.

बार उडालाच नाही.

बाहेर एकदम शांत झालं. मग पावलं वाजली. बर्फ चुरत, हळूहळू, लांब जाणारी...

दुसऱ्या दिवशी हर्शेल रस्त्याच्या कडेला सापडला. त्याचा ट्रक घसरून चरात पडला होता. चालत तो जवळच्या घराकडे निघाला असणार. ते घर डॉयलचंच. त्याचं यंत्र कोटाच्या खिशात होतं. बॅटरी संपलेली.

अंगावर एकही जखम नव्हती. गारठून गेला, असं डॉक्टर म्हणाले. सगळा गाव म्हणाला, वादळानं नेला बिचाऱ्याला.

पावलांचे ठसे कोणी पाहिले नाहीत. त्यावर नवा बर्फ पडला होता.

शवपेटी डॉयलनं खांदा देऊन उचलली. इमोजीन त्याच्या गळ्यात पडून रडली.

मग सुरू झालं ते.

दिवेलागणीला डॉयलच्या दारावर थाप पडायची. उघड्या पंजाची. दार उघडलं की ओसरी रिकामी... आणि हवेत जळक्या दारूचा वास. फटाके संपल्यावर येतो ना, तसला. घरात तर एकही बार उडाला नव्हता.

वाँडानं मला बोलावून घेतलं. मला वाटलं, घाबरलीये बिचारी. एक संध्याकाळ मी तिथं बसले.

थाप मीही ऐकली. वासही आला.

डॉयल मान खाली घालून बसला होता. म्हणाला, "नेल्डा, चल माझ्याबरोबर." आणि रिव्हॉल्व्हर घेऊन मागच्या शेतात गेला.

अजून थोडा उजेड होता. वारा बिलकूल नव्हता. तिथं त्यानं मला सगळं सांगितलं. त्या आधी हे फक्त तो आणि वाँडा जाणत होते.

"तुला कळलं नव्हतं ना रे," मी म्हणाले. "चोर वाटला तुला."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही.

"कळलं होतं गं. हाक मारली आणि उत्तर आलं नाही, तेव्हाच डोक्यात आलं, हर्शेल असेल. आलं होतं डोक्यात. तरी बोट थांबलं नाही. मी इतका घाबरलो होतो, की तोच असला तरी मला चालणार होतं."

मी त्याच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरकडे पाहिलं.

"त्यानं तो आवाज ऐकला," डॉयल म्हणाला. "घोड्याचा. त्याला कळलं मी काय केलं ते. म्हणून तो मागं फिरला. उद्या इमोजीनला जाऊन सांगतो. मग तिनं काय वाटेल ते करावं."

मग तो रिव्हॉल्व्हर रिकामं करायला लागला. भरलेलं ठासणीचं हत्यार रिकामं करायचं म्हणजे झाडूनच. एकेक बार उडत गेला. पांढरा धूर समोर साचत राहिला. शेवटी राहिलं ते चक्रीतलं न उडालेलं घर.

त्यावर त्यानं नवी टोपी चढवली. चाप दाबला.

खट्.

आम्ही दोघं तसेच उभे राहिलो...

आणि मग बार उडाला. आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा.

धूर एवढा झाला की डॉयल मला दिसेना. आणि त्या धुरात, थोडं पुढं... कोणीतरी उभं होतं. एक हात गळ्याशी धरून.

"हर्शेल?" डॉयलचा आवाज आला. "हर्शेल, मी..."

तो धुरात शिरला.

मी ओरडले. धूर हलतच नव्हता. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग तो विरला आणि डॉयल एकटाच उभा दिसला. तोंड उघडत होता, मिटत होता.

आवाज येत नव्हता.

आजही येत नाही. डॉक्टरांनी नळ्या घालून पाहिलं. गळा ठणठणीत आहे म्हणतात. डॉयल हातात पेन घेतो, पण त्या संध्याकाळचं लिहायला गेला की बोटं थरथरतात आणि कागदावर नुसत्या रेघा उमटतात. वाँडाजवळ विषय काढला की ती उठून आत जाते.

म्हणजे सांगायचं ते मलाच.

एका रविवारी चर्चहून येताना डॉयलकडे डोकावले, मग मी मनाचा हिय्या केला आणि इमोजीनच्या घरी गेले. तिनं दार उघडलं. मला वाटलं खचलेली असेल. पण तिचा चेहरा फुललेला होता. केस नीट बांधलेले. अंगाला ताज्या पावाचा वास.

"इमोजीन, मला तुला हर्शेलबद्दल काहीतरी..."

"अगं, तुला कसं कळलं?" तिनं माझा हात धरला. हळूच म्हणाली, "कोणाला सांगू नकोस हं. वेडी म्हणतील मला. तो येतो गं. रोज येतो. आणि नेल्डा, आता त्याला यंत्र लागत नाही! छान बोलतो. फक्त... आवाज थोडा वेगळा झालाय. ओळखीचाच वाटतो, पण नक्की कोणाचा ते माझ्या ध्यानात येत नाही."



डॉयलला मी थोड्याच वेळापूर्वी त्याच्या घरी, वाँडाच्या शेजारी बसलेला पाहून आले होते.

आणि इमोजीनच्या स्वयंपाकघरातून माझ्या भावाचा आवाज आला. स्वच्छ. मायेचा.

"दारात कशाला उभी केलीस तिला? आत घे ना. बाहेर गारठून जाईल ती."

मी आत गेले नाही. तिला काही सांगितलंही नाही. गाडीत बसले आणि निघून आले.

इमोजीन अजून आनंदात आहे. दुकानात भेटली की डोळ्यांनीच हसते माझ्याकडे बघून, आपलं दोघींचं गुपित असल्यासारखं.

आणि मी दुसरीकडे बघते.