घरच्यांची खरेदी धरली जात नाही

तिने त्याचा चेहरा पाहिला तो नंतर. आधी पाहिले ते बूट.

औषधांच्या दुकानात काउंटरमागे उकिडवी बसून ती खालच्या कप्प्यात खोकल्याच्या बाटल्या लावत होती. काउंटरच्या काचेतून पलीकडे दोन तपकिरी बूट येऊन उभे राहिले. डावा बाहेरच्या बाजूने पार झिजलेला, उजव्याची टाच आत दबलेली. बुटांना बिचाऱ्यांना बोलता येत नव्हतं म्हणून बरं, नाहीतर त्यांनी तिथेच रडून घेतलं असतं.

"टाचदुखीवर एखादं मलम द्या," वरून आवाज आला.

"मलमाने काही होणार नाही," ती खालूनच म्हणाली. "बूट बदला."

बूट जरा मागे सरकले.

"हे औषधांचंच दुकान आहे ना?"

"आहे की. पण दिवसभर उभं राहायचं काम करता आणि असले बूट घालता, मग टाच बोंबलणार नाही तर काय करणार?"

"मी दिवसभर उभा असतो हे तुम्हाला कसं कळलं?"

"बुटांनी सांगितलं," असं म्हणत ती उठून उभी राहिली... आणि पुढचं वाक्य विसरली. बुटांच्या मानाने वरचा माणूस फारच व्यवस्थित होता. हसरे डोळे, नीट विंचरलेले केस, शर्टाच्या खिशात एक कंगवा.

तो मात्र तिच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हता. तो बघत होता तिच्या केसांकडे, आणि एखाद्याचा अपघात पाहिल्यासारखा.

"एक विचारू? हे केस... कोणी कापले?"

"मीच. गोळ्यांची पाकिटं कापायच्या कात्रीने."

"तरीच," तो कळवळून म्हणाला. "मी समोरच्या सलूनमध्ये असतो. तुम्ही माझ्या पायांचं बघा, मी तुमच्या डोक्याचं बघतो. फिटंफाट."

मलम न घेताच तो गेला. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणत, चष्म्यावरून तिच्याकडे बघत म्हणाले, "पोरी, गिऱ्हाइकं अशीच परतवत राहिलीस तर मला दुकानाला टाळं लावून सलूनमध्येच जाऊन बसावं लागेल."

आता हे बुटांचं खूळ काय, ते सांगायला हवं. ती एक ब्लॉग लिहायची. नाव 'उभ्याउभ्या'. परिचारिका, शिक्षक, दुकानातल्या मुली, पहारेकरी, ज्यांना ज्यांना कामावर बूड टेकायला मिळत नाही त्यांनी कोणते बूट घ्यावेत, एवढाच विषय. तिचा एक नियम होता. बूट महिनाभर स्वतः घालून, काउंटरमागे दिवस दिवस उभं राहून बघायचे आणि मगच लिहायचं. पुरुषांची जोडी दादाच्या पायात चढवली जायची. दादा शाळेत शिकवायचा. "घरात बहीण आहे की बुटांची कंपनी," असं कुरकुरत तो ती घालायचाही.

पण या नियमापायी पगार बुटांत जात होता आणि पलंगाखाली खोके मावत नव्हते. शेवटी आईने निर्वाणीचं सांगितलं, "वर्ष संपेपर्यंत बुटांचे पैसे बुटांनीच काढायचे. नाहीतर ते ब्लॉगबिग बंद, आणि खोके भंगारात." तिने मान्य केलं होतं. 

पैसे काढायचा मार्ग एकच. कंपन्यांचे अ‍ॅफिलिएट प्रोग्रॅम असतात. कंपनी आपल्याला एक लिंक देते, ती आपण लेखात लावायची, आणि वाचकाने तिच्यावरून बूट घेतले की आपल्याला कमिशन. सोपं वाटतं ना? पण कोणत्या कंपनीची लिंक लावायची, यावर तिची झोप उडाली होती.

हे सगळं तिने सांगितलं ते सलूनच्या खुर्चीत, गळ्याभोवती पांढरं कापड, डोक्यात चिमटे. सांगायचं असं काही ठरलं नव्हतं. पण त्याची बोटं केसांतून फिरायला लागली आणि तिच्या तोंडाचं कुलूप आपोआप उघडलं.

"एक मोठी कंपनी आहे," ती आरशातल्या त्याला म्हणाली. "कमिशन असं की वर्षभराच्या बुटांचे पैसे दोन महिन्यांत सुटतील. पण बूट घातले की संध्याकाळी बोटं सुजतात. दुसरा एक लहानसा कारखाना आहे. बूट करड्या रंगाचे, दिसायला अगदीच साधे, पण पाय विसरायला लावतात. कमिशन मात्र नावापुरतं. वर अटी. वर्षअखेरपर्यंत एक तरी जोडी खपली पाहिजे, नाहीतर खातं बंद. आणि आपली स्वतःची किंवा घरच्यांची खरेदी धरली जात नाही."

"मग मोठीचीच लाव की," तो म्हणाला. तुम्हीवरून तूवर तो कधी आला ते दोघांनाही कळलं नाही. "सगळेच लावतात. तू काय जगावेगळी?"

 दुसऱ्या दिवशी मोठ्या कंपनीची दादाची जोडी घेऊन आली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली.

"घाल. आणि संध्याकाळपर्यंत उभा राहा."

"एवढंच? अगं, हे तर चकाचक आहेत!"

संध्याकाळी रिमझिम सुरू झाली होती. ती दुकानाच्या दारात उभी होती. समोरून तो रस्ता ओलांडत आला... नुसत्या मोज्यांवर. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात ते चकाचक बूट, चेहरा रडवेला. वाटेतल्या डबक्याला वळसा घालायचंही त्राण त्याच्यात नव्हतं.

"काय म्हणतात मोठ्या कंपनीचे बूट?" तिने साळसूदपणे विचारलं.

"तुझं कोणतं पाप भोवतंय, असं विचारतात."

ती हसली. छत्रीखालून तोही हसला. मोजे चिंब भिजले होते आणि दोघांनाही आत जायचं सुचत नव्हतं.

"कारखान्याचीच लाव," शेवटी तो म्हणाला. "मी मूर्ख आहे."

"तसं नाही... थोडासाच आहेस."

त्याच दिवशी तिने कारखान्याची लिंक लावली.

काही दिवस कुत्रंही फिरकलं नाही. मग एका सकाळी फोन वाजला. 'तुमच्या लिंकवरून एक जोडी विकली गेली आहे.' तिने तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला आणि काका आत गोदामात गेले आहेत असं बघून काउंटरमागे चक्क नाचली. औषधाची बाटली हातात घेऊन, गिरकी मारून. मग आणखी एक जोडी गेली. मग आणखी दोन. आईने तो निरोप दोनदा वाचायला लावला, दादाने "आता माझ्या पायांना पगार सुरू कर" म्हणून मागणी ठेवली, आणि तिने ब्लॉगवर लिहिलं, 'ज्या अनोळखी मित्रांनी माझ्या शब्दांवर भरवसा ठेवला, त्यांचे आभार कसे मानू?' लिहिताना तिचे डोळे भरून आले होते.

ही बातमी त्याला स्वतः सांगायची म्हणून दुपारच्या सुट्टीत ती सलूनमध्ये धावत गेली. दार उघडलं आणि सवयीप्रमाणे नजर आधी खाली गेली.

करडे बूट. त्याच्या पायात करडे बूट. पलीकडच्या खुर्चीमागे उभा असलेल्याच्या पायात तेच. दाढी करणाऱ्याच्या पायात तेच. गल्ल्यापाशी उभे असलेले त्याचे मामा, सलूनचे मालक, त्यांच्याही पायात तेच, कोरे करकरीत.

"या या," मामा खुशीत म्हणाले. "काय बूट आहेत हो! भाच्याने सगळ्यांना घेऊन दिले. माझे तर गुडघेसुद्धा दुवा देताहेत."

तिने वर पाहिलं. तो कात्री हातात धरून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"ते सगळे... तूच होतास?"

"अगं, ऐक तर..."

"मी आभार मानले! सगळ्या जगासमोर मानले! अनोळखी मित्र म्हणे!" तिचा आवाज चिरकला. "मला वाटलं कुणीतरी, कुठेतरी, मला न ओळखता माझं ऐकलं. तुला कीव आली माझी?"

"कीव?" तो म्हणाला, पण तोवर दार आपटलं होतं. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक फेस लावलेल्या तोंडाने म्हणालं, "जा की मागे." मामा म्हणाले, "आत्ता नको. खलबत्त्यात घालून कुटेल."

दुसऱ्या दिवशी कारखान्याचा मेल आला. 'आपल्या लिंकवरून गेलेल्या सर्व जोड्या एकाच पत्त्यावर गेल्या आहेत. खरेदी करणारी व्यक्ती आपल्या घरातली आहे का? असल्यास ही विक्री धरता येणार नाही. कृपया कळवावे.'

"मग लिही, नाही म्हणून," आई म्हणाली. "तो कुठे घरातला आहे? खोटं थोडंच आहे त्यात!"

खोटं नव्हतंच. 'नाही' एवढं लिहिलं की खातं राहणार, ब्लॉग राहणार, पलंगाखालचे खोके राहणार. वर्ष संपायला आता थोडेच दिवस उरले होते. तिने 'नाही' लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. ते दोन शब्दांचं उत्तरही नव्हतं, एकच शब्द होता, आणि तो काही केल्या हातून जाईना.

शेवटी फोन घेऊन ती सलूनमध्ये गेली आणि सरळ खुर्चीत बसली. तो मागे येऊन उभा राहिला. त्याने कापड बांधलं, कंगवा घेतला, पण कंगवा चालवायचं धाडस काही होईना.

"कीव नव्हती," तो हळूच म्हणाला. "पहिली जोडी मी टाचेसाठी घेतली. देवाशपथ, टाचेसाठीच. आणि त्या सकाळी समोर बघतो तर... तू काउंटरमागे नाचत होतीस. इथून सगळं दिसतं. बाटली घेऊन गिरकी मारलीस ती सुद्धा."

तिचे कान लाल झाले.

"मग?"

"मग काय... ते परत बघावंसं वाटलं. म्हणून दुसरी जोडी घेतली. तू परत नाचलीस. मग तिसरी, चौथी. मामांच्या पायाचा नंबर कितवा, हेही मी तोवर कधी विचारलं नव्हतं." तो थांबला. "चुकलंच माझं. नियम तूच सांगितला होतास, पण मला वाटलं मी कुठे घरचा आहे. मी कंपनीला लिहितो. सांगतो, हिचा यात काही दोष नाही, मी हिचा कोणी लागत नाही."

"कोणी लागत नाहीस?"

आरशात दोघांची नजर भिडली. पलीकडच्या खुर्चीवर दाढी करणारा वस्तरा थांबला. मामांनी पेपर वर केला, उलटा.

"मग... काय लिहू?" त्याने विचारलं.

"तू काही लिहू नकोस. मला विचारलंय."

कापडाखालून तिने फोन बाहेर काढला आणि टाइप करायला लागली. केस कापणारा माणूस वरून सगळं वाचू शकतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच ती सावकाश टाइप करत होती.

'होय. खरेदी करणारी व्यक्ती घरातलीच आहे. म्हणजे अजून नाही, पण होणार आहे. त्यामुळे ही विक्री कृपया धरू नये.'

कंगवा खाली पडला.

"अगं... कमिशन जाईल."

"जाऊ दे."

"खातं बंद होईल. तुझा ब्लॉग..."

"ते मी बघेन. तू आधी सांग, हे पाठवू का? नंतर मागे घेता येणार नाही."

त्याने तिच्या खांद्यावरून हात पुढे केला.   त्याने मेल पाठवला, आणि मग तोच हात तिच्या हातावर तसाच राहिला.

"आवडतेस तू मला," तो आरशात न बघता, तिच्याकडे बघून म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. केस तसे होते तरीसुद्धा."

"आणि तू मला," ती म्हणाली. "बूट तसे होते तरीसुद्धा."

उलट्या पेपरामागून मामा सुस्कारा टाकून म्हणाले, "एकदाचं जमलं. आता त्या गिऱ्हाइकाची दाढी करा, फेस वाळला."

संध्याकाळी तिने ब्लॉगवर खरं काय ते लिहून टाकलं. 'मागच्या वेळी मी अनोळखी मित्रांचे आभार मानले होते. ते सगळे मिळून एकच माणूस निघाला आणि तो आता अनोळखी राहिलेला नाही. कंपनी ती विक्री धरणार नाही, आणि ते बरोबरच आहे. बूट मात्र मी म्हटलं होतं तसेच आहेत, हे समोरच्या सलूनमध्ये येऊन कुणालाही विचारता येईल.' आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "मुलगा दाखवायला कधी आणतेस? आणि खोके राहू देत सध्या तिथेच."

वर्ष संपायच्या बेताला कारखान्याचं उत्तर आलं. काउंटरमागे उभ्याउभ्याच तिने ते उघडलं.

'आपण कळवल्याप्रमाणे त्या जोड्या वगळल्या आहेत. मात्र आपला नवा लेख आल्यावर आपल्या लिंकवरून आणखी एक जोडी गेली आहे. खरेदी करणारी बाई दूरच्या गावातल्या रुग्णालयात परिचारिका आहे आणि "जी बाई स्वतःचं कमिशन सोडते तिचं बुटांबद्दलही ऐकायला हरकत नाही" असं तिने कळवलं आहे. ही विक्री धरली आहे. आपलं खातं चालू राहील. आणि हो, आमच्या सगळ्यांकडून अभिनंदन.'

तिने फोन खाली ठेवला. काका आत आहेत की बाहेर, हे बघायचंही तिला भान राहिलं नाही. हाताला लागली ती बाटली उचलली आणि तिने अशी गिरकी मारली की केसांतली पेन्सिल उडून काकांच्या चहात पडली.

समोर सलूनच्या काचेला नाक लावून तो उभा होता. हातात कंगवा, पायात करडे बूट, मागे ताटकळलेलं गिऱ्हाईक. ती नाचत होती आणि तो खुळ्यासारखा हसत होता. या वेळी त्याने काहीच विकत घेतलं नव्हतं.