बांधावरचा देव

फुटलेल्या खारबांधाच्या तोंडाशी दादूचं प्रेत चिखलात रुतलेलं सापडलं. डोक्यामागे मोठी खोक होती. गावाची सारी भातखाचरं खाऱ्या पाण्याखाली गेली होती.

फौजदार विश्वंभर गुप्ते उरणहून आले, तेव्हा भरती ओसरत होती. खाडीपलीकडे मुंबईचा धूर दिसत होता. त्या शहराला आता हातपाय पसरायला जागा पुरेना. तेलाच्या टाक्यांसाठी एका कंपनीचा डोळा या खाचरांवर होता. पिकती जमीन द्यायला सरकार कां-कूं करत होतं. समुद्राने गिळलेली मात्र नापीक ठरवून खुशाल घेता आली असती. बांध समुद्राने फोडला असा रिपोर्ट गेला, की गाव उठलंच. आणि तो रिपोर्ट आजच्या आज हवा, असा वरून निरोप होता. गुप्त्यांना ही घाई खुपत होती.

"दादू राखणीला हुता. पिऊन झोपला आसंल," बाबाजी म्हणाला. गावच्या देवाच्या पूजेचा मान त्याच्या घराकडे होता. "लोंढा आला, बांध गेला. दगडावर डोकं आपटून त्योबी गेला."

"माजा धनी थेंबाला शिवत नव्हता, सायेब!" दादूची बायको राही उसळून म्हणाली.

गुप्ते बांधावरून फिरले. बाजूच्या टेकाडावर, भेंडीच्या झाडाखाली एक पाषाण उभा होता. शेंदूर लखलखीत होता.

"हा देव इथलाच?"

"न्हाय. बांध फुटलाय ना, तितंच बसतो त्यो," राही म्हणाली.

"लोंढ्यानं आनला आसंल," बाबाजी घाईघाईने म्हणाला.

"तुम्ही नाही हलवलात?"

"म्या हातबी लावला न्हाय."

"मग दुसऱ्या कुणी?"

जमलेल्या गावकऱ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. "त्याला दुसरं कोन शिवनार?" राही म्हणाली. "आमी लांबूनच हात जोडतो."

गुप्ते बाबाजीसमोर जाऊन उभे राहिले.

"लोंढा खाली खाचरांत गेला, बाबाजी. देव मात्र वर चढला, सरळ उभा राहिला, अंगाला चिखलाचा ठिपका नाही. म्हणजे पाणी शिरण्याआधीच त्याला कुणी तरी उचललं. बांध फुटणार हे आधी ठाऊक कुणाला? फोडणाऱ्याला. परक्याने देव खुशाल बुडू दिला असता. तुमचा हात धजला नाही. ओहोटीला तुम्ही बांध खणलात. दादू आडवा आला, तर त्याच कुदळीने त्याला आडवा केलात."

 बाबाजी मटकन खाली बसला.

"ममई काय थांबनार हाय, सायेब? आज न्हाय तर उद्या जमीन जानारच. कंपनी मना मुकादम करनार हुती."

"देवाला उचलून न्हेलास," राही म्हणाली. "माज्या मानसाला चिखलात ठेवलास."

बांध माणसाने फोडला, असा रिपोर्ट गुप्त्यांनी तिथेच लिहिला. आता सरकारला ही जमीन समुद्राच्या नावावर घेता येणार नव्हती. निदान या खेपेला तरी.

पुढच्या भरतीआधी खिंडार बुजवायला हवं होतं. माणसं टोपल्या घेऊन धावली. पण देव परत कोण आणणार? बाबाजीच्या हातांत बेड्या होत्या. कुणी पुढे होईना.

राहीने पदर खोचला, टेकाड चढली आणि पाषाण छातीशी धरून बांधाकडे चालू लागली. तिला कुणीही अडवलं नाही.