दोनदा दाबलेली टाच

आधीच माफी मागतो. शाळा नववीत सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकेल आणि भारी शब्द तर येतच नाहीत. जे झालं ते साध्या शब्दांत लिहितोय. 'मी' लिहायला गेलो की हात थांबतो, म्हणून दीपेश असं नाव लिहिलंय. वाचताना दिवा चालू असू द्या, एवढंच.

तर दीपेश घोडपदेवच्या एका चाळीतला. शिवडीच्या एका गोदामात माल चढवायचं-उतरवायचं काम करायचा. अंगाने दणकट, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की याच्या कानाच्या पाळ्या लाल. जुलैतल्या एका संध्याकाळी हितेंद्र त्याच्या दारात येऊन उभा राहिला. हितेंद्र त्याच चाळीतला, बालवाडीपासूनचा दोस्त.

"दीप्या, रविवारी सुट्टी टाक. मी आपलं नाव दिलंय."

"कशात?"

"चिखलाची शर्यत. कर्जतच्या पुढे डोंगरावर. बारा अडथळे, जोडीने पळायचं."

"येडा झालास? गोदामात काय कमी चिखल खातो मी?"

"इथे फुकट खातोस. तिथे मेडल देतात." हितेंद्र हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "शेवटी एक भिंत असते रे. एकाने खांदा द्यायचा, दुसऱ्याने चढायचं. एकदा दे ना खांदा. गुरुपौर्णिमेला हंडीचा सराव सुरू होतोय. दोन वर्षं झाली, तू पथकात पाय ठेवला नाहीस."

दीपेश नाही म्हणू शकला नाही. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

कारण असं होतं. दोघेही गोविंदा पथकात सगळ्यात खालच्या थरात, शेजारी शेजारी उभे राहायचे. खालच्या थराला एकच नियम, वर बघायचं नाही. हनुवटी छातीला टेकवायची, हात एकमेकांच्या खांद्यात गुंतवायचे आणि जमिनीकडे बघत राहायचं. वर कोण चढतोय ते पायावरून कळतं. दुसऱ्या थरावर चिंतामणी असायचा. त्याचा उजवा पाय दीपेशच्या खांद्यावर, डावा हितेंद्रच्या. चिंतूच्या उजव्या पायाला करंगळी नव्हती, लहानपणी पाण्याच्या पिंपाखाली चिरडली होती. ताठ उभा राहण्याआधी तो दोनदा टाच दाबायचा. म्हणजे, 'तयार आहेस ना?' खालच्याने 'हं' म्हणायचं. मगच तो हात सोडून उभा राहायचा.

दोन वर्षांपूर्वी लालबागच्या एका हंडीला चिंतूने अशीच दोनदा टाच दाबली. दीपेशने 'हं' म्हटलं. तेवढ्यात डोक्यावर टीव्हीवाल्यांचा ड्रोन घरघरला आणि दीपेशने मान वर केली. एकदाच. आपण दिसतोय का, एवढंच बघायला. खांदा हलला. सहा थर खाली आले. चिंतू मानेवर पडला आणि तिसऱ्या दिवशी गेला.

पाऊस होता, पाय घसरला, असं सगळे म्हणाले. दीपेशने कोणालाच खरं सांगितलं नाही. चिंतूची आई, सुभद्राकाकी, दीपेशच्याच मजल्यावर राहते. तिच्या दारावरून जायला नको म्हणून तो दोन वर्षं मागच्या जिन्याने येत-जात होता.

रविवारी आठ वाजता शर्यत सुटली तेव्हा डोंगरावर ढग उतरला होता. दहा हातांवरचा माणूस दिसत नव्हता. पहिले अडथळे मजेचेच होते. दोरांच्या जाळ्याखालून सरपटायचं, वाळूच्या गोणी घेऊन चढ चढायचा, पाण्याने भरलेल्या पाईपातून पलीकडे निघायचं. हितेंद्रने नवीन खिळ्यांचे बूट घेतले होते आणि दर दहा पावलांनी तो आपटत होता.

"दोन हजाराचे बूट आणि चालतोस म्हशीसारखा," दीपेश म्हणाला.

"म्हैस म्हण, पण मेडलवाली म्हण!"

दीपेश हसला. खूप दिवसांनी पोटातून हसला.

वर गेले तशी माणसं विरळ झाली. पुढच्या जोड्या ढगात गेल्या, मागच्या दिसेनात. शिट्ट्या, गाणी, माईकवरचा माणूस, सगळं खाली राहिलं. लाल चिखलात पावलं रुतल्याचा पचक-पचक आवाज तेवढा येत होता. मग फळ्यांची भिंत आली. दोन पुरुष उंच, वरपासून खालपर्यंत चिखलाने माखलेली. आणि तिथे एक वास होता. दही सांडून आंबल्याचा. त्यात ओल्या झेंडूचा.

दीपेश थबकला. मग मनाशी म्हणाला, आज नाही तर कधीच नाही. त्याने दोन्ही तळवे फळीला लावले, हनुवटी छातीला टेकवली आणि म्हणाला, "चढ."

पाय खांद्यावर आला. हलका. पन्नास-बावन्न किलोचा. दीपेशला वाटलं, हितू तर सत्तरचा आहे... मग वाटलं, त्याने वरची फळी धरली असेल. टाच दोनदा दबली.

"हं," दीपेश म्हणाला. सवयीने. तोंडातून गेल्यावर त्याला कळलं आपण काय म्हटलं ते.

पाय अनवाणी होता. ओली, थंड कातडी मानेला लागत होती. चार बोटं खांद्याच्या हाडापाशी आवळली होती. पाचवं जिथे असायला हवं, तिथे काही नव्हतं.

"अरे थांब जरा," मागून हितेंद्रचा आवाज आला. "बुटात खडा गेलाय."

दीपेशने बगलेखालून मागे बघितलं. हितेंद्र चार-पाच हातांवर दगडावर बसून बूट झटकत होता.

खांद्यावरचं वजन तसंच होतं.

ओरडावंसं वाटलं. पळावं तर खांदा हलेल. तो हलला नाही. खांदा त्याने दगडासारखा धरला. किती वेळ, माहीत नाही. मग वजन उतरलं. वर नाही गेलं, खाली नाही आलं. नुसतं नाहीसं झालं.

हितेंद्र जवळ आला. "थरथरतोयस काय? राहू दे, मी देतो खांदा. तू चढ."

दीपेशला नको म्हणायचं होतं. तोवर हितेंद्र फळीला टेकून वाकलाही होता. दीपेश त्याच्यापासून दोन हात लांब उभा होता, दोन्ही पाय चिखलात. आणि त्याच्या डोळ्यांदेखत हितेंद्रच्या उजव्या खांद्यावरचा टीशर्ट दबला. चिखल लागला नव्हता तिथे लाल चिखलाची पाच बोटं उमटली. कापड टाचेपाशी दबलं. परत दबलं.

"हं," हितेंद्र म्हणाला.

म्हणाला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. मान न उचलता त्याने बाजूला बघितलं. दीपेशचे बूट त्याला चिखलात दिसले.

"दीप्या... तू चढला नाहीस?"

"नाही..."

भिंत त्यांनी चढलीच नाही. बाजूच्या पायवाटेने दोघे उतरले. खाली शिट्टीवाल्या मुलीने, मनवा असं तिच्या छातीवर लिहिलं होतं, विचारलं, "भिंत सोडली का दादा? चालतं, मेडल मिळतं तरी." मग त्यांच्या मागे बघत म्हणाली, "तुमच्यातला तिसरा येतोय ना?"

बसने दोघे लालबागला उतरले आणि चाळीत परतले.

रात्री दीपेशने टीशर्ट धुतला नाही. डाव्या खांद्यावर चार बोटांचा ठसा होता. सकाळी उठला, टीशर्ट पिशवीत घातला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा पुढच्या बाजूने चालत सुभद्राकाकीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"इलंस?" काकी म्हणाली. "ये. बस. चाय घेतंस?"

"काकी, आधी ऐक." तो बसला नाही. "त्या दिवशी पाय घसरला नव्हता. मी वर बघितलं होतं. माझ्यामुळे गेला चिंतू."

 काकी खाटेखाली वाकली आणि एक चिखलाचा टीशर्ट ओढून काढला. हितेंद्रचा.

"मगाशी हितू येवन ह्याच सांगून गेलो," ती म्हणाली. "म्हणता, काकी, मी वर बघितलं, माझ्यामुळे गेलो चिंतू."

 दीपेश भिंतीला धरून खाली बसला. दोन वर्षं शेजारी शेजारी राहून दोघे एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होते.

"कित्याक बघितलंत रे?"

"ड्रोन होता काकी... टीव्हीचा..."

"त्या खेळण्यासाठी?" काकीचा आवाज चिरला. "माझो झील त्या खेळण्यासाठी गेलो?"

 दीपेशने मान खाली घातली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि तिने म्हणावं असं त्यालाही वाटलं नाही.

काकीने दोन्ही टीशर्ट लादीवर शेजारी शेजारी पसरले. उजवा पाय, चार बोटं. डावा पाय, पाच. काल सकाळचा चिखल, पण अजून ओला होता.

"तुझो घेऊन जा," ती म्हणाली. "माका बघवणा नाय."

दीपेश वाकला. टीशर्टाचं टोक धरून ओढलं. आलं नाही. त्याने जोर लावला. गोदामात साठ किलोची गोणी एकटा उचलणारा तो, पण ते कापड लादीवरून हलेना. वर कोणी उभं असावं तसं.

दह्याचा आंबूस वास आला.

काकी आता टीशर्टाकडे बघत नव्हती. तिची नजर हळूहळू वर सरकली, आणि एखादा माणूस उभा असेल तेवढ्या उंचीवर थांबली. ती म्हणाली,

"किती सुकलंस रे बाबा..."

दीपेशच्या हाताखालचं कापड टाचेपाशी दबलं. परत एकदा दबलं.

त्याने वर बघितलं नाही. हनुवटी छातीला टेकवली, लादीवर डोळे रोवले, आणि 'हं' म्हटलं.